डाव्या चाकाचा ताप

मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला ब्रेक तीन ठिकाणी भेटतो. पहिल्यांदा 'थिअरी ऑफ मशीन्स'च्या पुस्तकात. तिथे तो अर्ध्या पानाच्या आकृतीत असतो. दोन शू, एक ड्रम, चार बाण आणि खाली 'ब्रेकिंग टॉर्क काढा'. परीक्षेच्या आदल्या रात्री रूममधला एखादा हुशार मुलगा तो सगळ्यांना समजावून सांगतो आणि सकाळी आपण तो पेपरात उतरवून येतो. दुसऱ्यांदा भेटतो लॅबमधल्या कापून ठेवलेल्या मॉडेलमध्ये. त्याला लाल-पिवळा रंग दिलेला असतो. ओरलला सर त्यावर पट्टी ठेवून विचारतात, "हे काय?" आपण म्हणतो, "सर, व्हील सिलिंडर." सर म्हणतात, "आणि हे?" आपण छताकडे बघतो.

तिसऱ्यांदा तो भेटतो घाटात. तिथे मार्क नसतात. पास किंवा नापास, एवढंच.

मित्रहो, हा लेख त्या तिसऱ्या भेटीबद्दल आहे. त्यातही मागच्या ब्रेकबद्दल, कारण त्याची दखल सहसा कुणी घेत नाही. गाडी थांबवताना वजन पुढे झुकतं, म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढचे ब्रेक करतात. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि म्हणून मागच्या ब्रेककडे पाहण्याची दृष्टी 'असला तर असला' अशी होते. पण मागचे ब्रेक दोन कामं अशी करतात की जी पुढच्यांना जमत नाहीत. एक म्हणजे हँडब्रेक. आपल्याकडच्या जुन्या छोट्या गाड्यांत तो फक्त मागच्याच चाकांवर चालतो. दुसरं, गाडीची शेपूट सरळ ठेवणं. मागचं चाक पुढच्याआधी जाम झालं, की गाडी मागून फिरते आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, उपयोग नसतो. म्हणजे पुढचा ब्रेक गाडी थांबवतो आणि मागचा ब्रेक गाडीला वळण लावतो, असं म्हणायला हरकत नाही.

आमची गाडी म्हणजे मारुती ८००, २००८ सालची. हे मॉडेल भारतात १९८३ मध्ये आलं आणि २०१४ च्या जानेवारीत त्याचं उत्पादन थांबलं. आमच्या गाडीची १५ वर्षं २०२३ मध्ये भरली. बाबांनी पर्यावरण कर भरला, तपासणी करून घेतली आणि आणखी ५ वर्षांसाठी नोंदणी वाढवून आणली. त्या दिवशी त्यांनी गाडीला हार घातला होता. आई म्हणाली, "माझ्या पन्नाशीला एवढा आनंद झाला नव्हता यांना."

आमचं गाव पाचगणीच्या पुढे, पठारावर. गावातून कुठेही मोठ्या ठिकाणी जायचं तर पसरणीचा घाट उतरून वाईला यावं लागतं. आणि आमच्या घरातून आठवड्यातून दोनदा कुणीतरी तो घाट उतरतंच. सोमवारी आणि गुरुवारी. माझे थोरले चुलते, ज्यांना घरातले सगळे आप्पा म्हणतात, त्यांचं साताऱ्याला डायलिसिस असतं. पहाटे पाचला घर सोडायचं, दुपारी परत यायचं. पहाटेची एस.टी. सोयीची नाही, आणि डायलिसिस झाल्यावर आप्पांना स्टँडवर ताटकळत बसवणार कोण? दर खेपेला भाड्याची गाडी करायची तर घराचं गणित कोलमडतं. थोडक्यात, ही मारुती आमच्या घरात चैनीची वस्तू नाही. ती आप्पांची तिसरी किडनी आहे. (हा विनोद आप्पांचाच आहे, माझा नाही.)

गणपतीनंतर बाबांचा हॉस्टेलवर फोन आला. "गाडीला वास येतोय रे. डावीकडनं, मागनं."

आधी थोडं गणित करू. वाई समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर आहे आणि पाचगणी १३०० मीटरच्या आसपास. फरक साडेपाचशे मीटर धरू. गाडीचं वजन साडेसहाशे किलो, वर तीन माणसं आणि सामान. एकूण ८५० किलो. आता एम-जी-एच मांडा. उत्तर येतं साधारण ४६ लाख ज्यूल. एवढ्या उष्णतेत १४ लिटर पाणी २० अंशांपासून थेट उकळीपर्यंत जाईल. म्हणजे हॉस्टेलच्या बाथरूममधली एक बादली! गाडी घाट उतरते तेव्हा ही बादलीभर उकळी कुठेतरी जिरवावीच लागते. काही भाग हवेचा विरोध खातो. खालच्या गिअरमध्ये असाल तर इंजिन बराच भाग खातं. उरलेली सगळी ब्रेकच्या वाट्याला येते.

ही उष्णता चार चाकांत वाटली गेली, मधूनमधून ब्रेक सुटून त्यांना वारा लागला, तर काही बिघडत नाही. पण एखादं चाक ब्रेक सोडतच नसेल, तर ते आपल्या वाटणीपेक्षा जास्त खातं. ड्रम तापतो, लायनर गुळगुळीत होऊन त्याची पकड जाते, आणि शेवटी उष्णता व्हील सिलिंडरमधल्या ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं त्याचं प्रमाण आहे. पण हे ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. पाणी मुरल्यावर तेच प्रमाण १४० अंशांवर येतं. ऑइल उकळलं की त्याची वाफ होते आणि वाफ दाबली जाते. मग पेडल जमिनीला टेकतं आणि गाडी चालतच राहते. घाटात 'ब्रेक फेल' म्हणून जे म्हणतात, त्यातले कितीतरी प्रकार असे असतात. काहीही तुटलेलं नसतं. नुसतं तापलेलं असतं.

म्हणून बाबांच्या फोनमधला 'वास' हा शब्द माझ्या डोक्यातून जाईना.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तोवर गाडीवर दोन इलाज होऊन गेले होते. पहिल्या गॅरेजवाल्याने मागचे लायनर पाहिले. झिजलेले होतेच. दोन्ही बाजूंचे नवे टाकले. चार दिवस बरं वाटलं, मग वास पहिल्यापेक्षा जास्त. दुसऱ्याने व्हील सिलिंडरचं रबर किट बदललं, आणि हँडब्रेक फार वर येतो म्हणून केबल दोन-तीन आटे आवळून दिली. आता वासाबरोबर गाडी ओढेनाशीही झाली. चढाला दुसऱ्याच्या जागी पहिला टाकावा लागायचा. तिसऱ्याने निदान सांगितलं, "मास्टर सिलिंडर गेलाय. नाहीतर असं करा साहेब, गाडीच काढून टाका आता."

या तिघांना नावं ठेवायला मी बसलेलो नाही. लायनर खरंच झिजले होते. रबर खरंच कडक झालं होतं. जुन्या गाडीची गंमत अशी, की जिथे हात घालाल तिथे काहीतरी खराब सापडतंच. पण 'खराब सापडणं' आणि 'कारण सापडणं' यात फरक आहे. आपल्या सबमिशनच्या जर्नलमध्ये कुठलंही पान उघडलं तरी चूक सापडेल, म्हणून सरांनी नेमकं कशामुळे सही केली नाही ते कळतं का? तसंच.

दरम्यान बाबांनी स्वतःपुरता उपाय काढला होता. घाटात दोन ठिकाणी गाडी बाजूला घेऊन दहा-दहा मिनिटं थांबायचं. परत येताना, डायलिसिसने गळून गेलेले आप्पा मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेले, आणि बाबा चाकापाशी उकिडवे बसून वारा घालतायत, असं आईने सांगितलं. बाबा मला हे बोलले नाहीत. ते एवढंच म्हणाले, "गुरुवारपर्यंत बघ काही जमतंय का."

तो रविवार होता. सोमवारच्या खेपेला शेजारच्यांची गाडी मिळाली होती. गुरुवारची कुणाचीच नव्हती.

सोमवारी आमच्या वाडीतले एक म्हातारे मिस्त्री मदतीला आले. त्यांनी उभा जन्म ट्रॅक्टर आणि जीपमध्ये घालवलेला. मी त्यांना म्हटलं, "मामा, खोलण्याआधी जरा शोधू या." ते हसले आणि म्हणाले, "शोधा की. इंजिनिअर तुम्ही. मी चहा घेतो तवर."

पहिला प्रश्न असा की तक्रार ब्रेक दाबल्यावर येते, की न दाबताही? म्हणून बाबांना गाडी पठारावर सात-आठ किलोमीटर फिरवून आणायला सांगितली. अट एकच. ब्रेकला पाय शक्यतो लावायचा नाही. वेग गिअरने कमी करायचा आणि घराजवळच्या चढावर गाडी आपोआप थांबू द्यायची. परत आल्यावर चारही चाकांजवळ हात नेला. (ड्रमला हात लावायचा नाही. नुसता जवळ न्यायचा. कातडी सोलून निघते.) पुढची दोन्ही कोमट, मागचं उजवं गार, मागच्या डाव्याची धग वीतभर लांबून लागत होती. रिमच्या भोकातून बोटाने पाण्याचे दोन थेंब उडवले. उजवीकडे ओघळले. डावीकडे चर्रर्र! (थेंबच. तापलेल्या ओतीव लोखंडावर तांब्या ओतलात तर तडा जाऊ शकतो.)

एवढ्यावरून एक गोष्ट पक्की झाली. ब्रेक न दाबताही डावं चाक धरलेलं आहे. म्हणजे ब्रेक 'लागण्यात' दोष नाही, तो 'सुटण्यात' आहे.

दुसरी पायरी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक पूर्ण खाली. ही गाडी पुढच्या चाकांवर चालते. त्यामुळे गिअर टाकला की पुढची चाकं धरून ठेवतात आणि मागची फिरवून बघता येतात. आधी उजवं, म्हणजे निरोगी चाक उचललं. हे महत्त्वाचं. निरोगी कसं असतं ते माहीत नसेल तर आजारी काय ओळखणार? हाताने झटका दिला तर दीड-दोन फेरे फिरलं, किंचित घासल्याचा आवाज आला. मग डावं उचललं. तोच झटका, पाव फेरा. दुसऱ्यांदा दोन्ही हातांनी दिला तर अर्धा.

आता खरा प्रश्न आला. याला धरलंय कुणी?

मागच्या ड्रममधले शू बाहेर ढकलणारे दोनच हात असतात. एक, पेडलकडून ऑइलच्या दाबाने येणारा. दुसरा, हँडब्रेककडून केबलने येणारा. यापैकी कुणीच धरलेलं नसेल, तर ड्रमच्या आतच काहीतरी अडकलंय. गंजलेला पिस्टन, मरगळलेली स्प्रिंग, बॅकप्लेटवर शूने पाडलेली खाच, असं काहीतरी. म्हणजे संशयित तीन. आणि प्रत्येकाला वेगळं करून विचारता येतं.

आधी ऑइल. डाव्या चाकाच्या मागे ब्रेकची हवा काढायचं निपल असतं. त्याला पारदर्शक नळी लावली, नळीचं टोक बाटलीत, आणि पाना लावून निपल अर्धा आटा सैल केलं. ऑइलमध्ये दाब कोंडलेला असेल, तर इथे पिचकारी उडते आणि चाक तिथल्या तिथे मोकळं होतं. तसं झालं असतं, तर पुढचा शोध वरच्या दिशेने घ्यायचा. कधीकधी रबरी होज पाइप आतून सुजतो. पायाच्या जोराने ऑइल जातं, पण स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. होजच्या अलीकडचा जोड सैल करूनही चाक धरलेलंच राहिलं आणि निपल उघडल्यावर सुटलं, तर दोष होजचा. अलीकडच्या जोडालाच सुटलं, तर मास्टर सिलिंडरचा. पण आमच्याकडे पिचकारी उडालीच नाही. दोन-चार थेंब ओघळले आणि चाक होतं तसंच घट्ट.

मी निपल बंद केलं आणि बाबांना म्हटलं, "मास्टर सिलिंडर निर्दोष." बाबांचा चेहरा जरा सैल झाला. तो खर्च वाचला होता. होजही त्याच थेंबांनी सुटला.

आता केबल. गाडीच्या आत हँडब्रेकपाशी केबल ताणणारा नट असतो. तो इतका सैल केला की केबल लोंबायला लागली. पुन्हा चाक फिरवलं. घट्टच!

"मग केबल पण नाही," बाबा म्हणाले. मिस्त्री मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "आतलंच हाय. खोला."

हिशेबाने बघितलं तर बरोबर होतं. ऑइल नाही, केबल नाही, म्हणजे तिसरा संशयित. पण एक गोष्ट खटकत होती. आम्ही केबल सैल केली होती हँडब्रेककडच्या टोकाला. चाकाकडच्या टोकाला ती सैल झाली होती का? दोरीचं एक टोक सोडलं की दुसरं आपोआप सैल होतं, हे खरं कधी? दोरी मधे कुठे अडकलेली नसेल तर. विहिरीचा रहाट आठवा. दोर कप्पीत रुतला असेल, तर वरचा माणूस हात सोडून मोकळा होतो आणि बादली तशीच लटकत राहते.

गाडीखाली जॅकच्या भरवशावर कुणीही जाऊ नये, म्हणून आधी चेसिसखाली लाकडी ठोकळे लावले आणि मग आत शिरलो. केबलवर बाहेरून एक कवच असतं आणि त्याच्या आत तार सरकते. मधल्या भागात तार ढिली होऊन लोंबत होती. ती बोटाने चाकाच्या दिशेने ढकलून पाहिली, तर कवचाच्या तोंडाशी जाऊन तिथेच वाकली. आत सरकेना. उजवीकडच्या तारेला तसंच केलं, तर ती अर्धा इंच सहज आत गेली. डाव्या कवचावर, बरोबर वळणाच्या जागी, प्लॅस्टिक फुटलेलं होतं आणि आतून तांबूस पाणी ओघळून वाळल्याची रेघ होती.

मामांनी लाकडी हातोडीने ठोकत ठोकत ड्रम काढला. आतली साक्ष बाहेरच्याशी तंतोतंत जुळली. ड्रमच्या आतल्या बाजूला उष्णतेने आलेली निळसर झाक. लायनर नवेच, पण काचेसारखे चकचकीत. सिलिंडर कोरडा, पिस्टन बोटाने दाबला तर आत जात होता. आणि शूवरची हँडब्रेकची पट्टी, जी मोकळी असताना आपल्या थांब्याला टेकलेली असायला हवी, ती पुढे ओढलेलीच. मामांनी पक्कडीने तारेचं टोक पट्टीतून सोडवलं. पट्टी खट्कन मागे जाऊन बसली. तारेचं टोक तिथेच, ताठ.

ड्रम परत चढवला. झटका दिला. दीड फेरा!

मामा म्हणाले, "मंजे तिकडनं ढिली आन् हिकडनं ताठ."

ओट्यावर आप्पा सगळं बघत बसले होते. ते म्हणाले, "माझ्यागतच झालंय की गाडीचं. आत येतंय, पर भाईर जाईना." आम्ही सगळे हसलो. बाबा हसले नाहीत. ते हातातलं फडकं विनाकारण पिळत राहिले.

कारण सापडल्यावर मागच्या सगळ्या घटना आपोआप ओळीत येऊन उभ्या राहिल्या. खऱ्या निदानाची हीच खूण असावी. ते आजचं लक्षण तर सांगतंच, मागच्या इलाजांचं काय झालं तेही सांगतं. आमचं घर उतारावर. बाबा रोज रात्री हँडब्रेक शेवटच्या दातापर्यंत ओढणार. पाचगणीचा पावसाळा, तांबडी माती, फुटलेलं कवच. पाणी आत शिरलं, तार गंजली. बाबांच्या हाताच्या जोराने ती ओढली जायची, पण ड्रममधल्या स्प्रिंगच्या जोराने परत जायची नाही. जुने लायनर झिजलेले होते तोवर मधे फट होती, म्हणून पट्टी थोडी पुढे राहिली तरी नुसता वास यायचा. नवे जाड लायनर आले आणि फट संपली. वास वाढला. मग केबल आवळली गेली, आणि उरलीसुरली मोकळीकही गेली. म्हणजे दुरुस्तीगणिक गाडी बिघडत गेली, तरीही प्रत्येक दुरुस्ती आपापल्या जागी पटण्यासारखी होती!

हँडब्रेक वर येतो म्हणून केबल आवळणं, हा इलाज फार ठिकाणी होतो. म्हणून त्याबद्दल दोन शब्द. हँडब्रेक वर येण्याचं कारण बहुतेक वेळा शू आणि ड्रममधली वाढलेली फट असते. आधी ती फट बरोबर करायची आणि मग केबलकडे वळायचं. बऱ्याच गाड्यांत ही फट आपोआप राखणारी यंत्रणा असते, पण हँडब्रेकची पट्टी थांब्याला टेकत असेल तरच ती नीट चालते. केबल ताणून ठेवली की पट्टी टेकत नाही आणि ही यंत्रणा मुकी होते. थर्मामीटर फोडून ताप जात नाही, त्यातलाच हा प्रकार.

मंगळवारी वाईहून नवी केबल आणली. दोन्ही बाजूंची, कारण उजवीचंही वय तेवढंच. चकचकीत झालेले लायनरही बदलले. ड्रम आतून साफ करताना फुंकर मारली नाही. ओल्या फडक्याने पुसला. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि ते फुप्फुसात गेलं की परत निघत नाही. ब्रेक ऑइल काळपट झालं होतं, ते सगळं काढून नवं भरलं आणि चारही चाकांची हवा काढली. सगळं बसवल्यावर आधी पेडल पुरेसं दाबून शू जागेवर आणले आणि शेवटी केबल जुळवली. हँडब्रेक सोडलेला असताना दोन्ही चाकं सारखीच मोकळी, आणि थोडा ओढल्यावर दोन्ही सारखीच घट्ट, असं झाल्यावरच पाना खाली ठेवला.

बुधवारी रिकामी गाडी घेऊन बाबा आणि मी घाट उतरून आलो. दुसऱ्या गिअरमध्ये, मधूनमधून ब्रेक दाबत आणि पूर्ण सोडत. खाली येऊन मागच्या दोन्ही चाकांवर थेंब टाकले. दोन्हीकडे नुसतेच ओघळले. बाबांनी पुन्हा टाकले. मग तिसऱ्यांदा. मग म्हणाले, "चल, चहा पिऊ."

गुरुवारी पहाटे पाचला गाडी निघाली आणि दुपारी दोनला परत आली. मधे कुठेही थांबली नाही. बाबा आता उतारावर हँडब्रेक बेताचा ओढतात, गाडी गिअरमध्ये ठेवतात आणि चाकाला दगड लावतात. महिन्यातून एकदा चारही चाकांजवळ हात नेऊन बघतात, डॉक्टर कपाळाला हात लावतात तसा.

मला यातून काय मिळालं, ते थोडक्यात सांगतो. प्रवचन म्हणून नाही, पुढेमागे कुणाच्या घरी अशी गाडी असेल म्हणून.

पेडल मऊ लागत असेल आणि दोन-तीनदा दाबल्यावर वर येत असेल, तर एकतर लाइनमध्ये हवा आहे किंवा शूची फट वाढलीय. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर आतून गेलंय. ब्रेक लावताना पेडल पायाखाली थडथडत असेल, तर ड्रम गोल राहिलेला नाही किंवा डिस्क वाकडी आहे. डबीतलं ऑइल कमी होतंय आणि खाली डाग दिसत नाही, तर मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला पाहा. व्हील सिलिंडर गळला की ऑइल ड्रममध्ये साठतं. ओला लायनर कधी घसरतो, तर कधी एकदम पकडतो, आणि पावसात तेच चाक आधी जाम होतं. आणि चाक तापत असेल, तर खोलण्याआधी विचारा, की धरलंय कुणी? ऑइलने, केबलने, की आतल्याच कुणी? प्रत्येकाला एकेकटं गाठायचं. दोघांना एकदम सोडलंत, तर चाक सुटेल पण चोर कळणार नाही.

आणि केबल तपासाल तेव्हा दोन्ही टोकांनी तपासा. एका टोकाचं ऐकून दुसऱ्या टोकाबद्दल निकाल देऊ नका. हे केबलपुरतंच खरं आहे असं नाही.

जाता जाता एक काम सांगतो. हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये आपल्या ज्या मोटरसायकली उभ्या असतात, त्यातल्या बऱ्याच जणींना मागे ड्रम ब्रेकच आहे. पेडल, त्यातून मागे जाणारा रॉड किंवा केबल, एक कॅम आणि दोन शू. आज मेसला जाण्याआधी गाडी न्यूट्रलमध्ये डबल स्टँडवर लावा आणि मागचं चाक हाताने फिरवून बघा. ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा फिरवा. पहिल्याइतकंच मोकळं फिरलं तर जेवायला जा. नाही फिरलं, तर पाना आधी शोधा, भाजी काय आहे ते नंतर. तसंही ती बटाट्याचीच असणार.